अंधारापासून दशावतारापर्यंत
(द्वितीय वर्ष, कला)

'एखाद्या कलावंताची वाटचाल' या विषयावर वार्षिक अंकासाठी लेख द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मैत्रिणींनी कुमार गंधर्व, लता मंगेशकर, विठाबाई नारायणगावकर अशी नावे घेतली. मी 'डेमॉनिक रेझरेक्शन' असे नाव घेतले. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणी तरी राक्षसासारखा आवाजही काढून दाखवला. सर म्हणाले, "हसू नका. तिला लिहू द्या. पटले नाही तर पुढच्या अंकात तुम्ही उत्तर लिहा." तेव्हा प्रस्तुत लेख हा त्या हशाला दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजण्यास हरकत नाही.

प्रारंभीच एक कबुली देते. मी संगीत शिकलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीही बेताचेच, शब्दकोश शेजारी ठेवून वाचण्याइतके. पण न्हावऱ्याहून शिरूरला येणाऱ्या एस.टी.त गेली दोन वर्षे मी या बँडचे अल्बम ऐकत आले आहे. ऐकता ऐकता जे प्रश्न पडले, ते येथे क्रमाने मांडते.

हे संगीत कोणते?

डेमॉनिक रेझरेक्शन हा मुंबईचा बँड. साहिल मखिजा या तरुणाने तो २००० साली सुरू केला. गाणे, गिटार आणि बहुतेक रचना त्याचीच. आजपर्यंत त्याचे साथीदार अनेकदा बदलले, तो मात्र राहिला. बँडचे पाच मोठे अल्बम या लेखात विचारात घेतले आहेत : 'डीमनस्टीलर' (२०००), 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टु डार्कनेस' (२०१०), 'द डीमन किंग' (२०१४) आणि 'दशावतार' (२०१७). दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये २००७ साली 'बियाँड द डार्कनेस' नावाचा एक छोटा अल्बम निघाला. तो धरून मधल्या तिघांना 'अंधाराची त्रयी' म्हणतात.

या संगीताला हेवी मेटल म्हणतात. 'जडशीळ धातू' असे भाषांतर केले तर हसू येईल, पण ते फार चुकीचेही नाही. विजेवर चालणारी गिटार मुद्दाम खरखरीत केलेली असते, ढोलांचा मारा दोन्ही पायांनी चालतो आणि गाणारा पोटातून घोगरी गुरगुर काढतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही निव्वळ आरडाओरड वाटते. मलाही वाटली होती. दौंडला मामांकडे दिवाळीच्या सुट्टीत गेले असता मामेभावाने त्याच्या मोबाइलवर ऐकवले, तेव्हा मी म्हणाले, "दादा, हे गाणं आहे की मालगाडी?" तो म्हणाला, "मालगाडीच आहे. पण डबे मोज, चुकणार नाहीत." दौंडसारख्या जंक्शनात वाढलेल्या मुलालाच अशी उपमा सुचावी. मी डबे मोजू लागले, आणि खरेच, ते चुकत नव्हते.

मेटलचे अनेक पोटभेद आहेत. त्यांपैकी 'डूम' हा सर्वांत संथ. डूम म्हणजे सर्वनाशाची चाहूल. त्यातही १९९०च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागातील पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अनाथेमा या तीन बँडनी संथ जड वादनात विलापाच्या सुरावटी मिसळल्या. 'माय डाइंग ब्राइड'ने तर व्हायोलिनही आणले. सुरेल डूम म्हणतात ते हे. डेमॉनिक रेझरेक्शन हा शुद्ध डूम बँड नव्हे, त्याचा मूळ स्वभाव द्रुत गतीचा आहे. परंतु त्याच्या गाण्यांत मधूनच वेग ओसरतो, गुरगुर थांबते आणि साधा, स्वच्छ, उदास आवाज येतो. मला या बँडची गोडी लागली ती अशाच जागांमुळे. म्हणून पाचही अल्बम पारखताना या संथ जागा मी विशेष ध्यानात ठेवल्या आहेत.

बोटाची दोन पेरे

या संगीताचा उगम पाहिला तर एक विलक्षण हकिगत सापडते. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधले कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. वादन संपले असेच सर्वांना वाटले. पण त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. सैल तारांचा आवाज अधिक खोल आणि जड निघतो. १३ फेब्रुवारी १९७० रोजी त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचे पहिलेच गाणे पावसाने आणि घंटेच्या आवाजाने सुरू होते आणि अत्यंत संथ चालते. डूम संगीताची परंपरा तेथून मोजली जाते.

ही हकिगत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण माझे वडील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटी कामगार म्हणून पॉवर प्रेसवर होते. मी आठवीत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरे गेली. आमचे घर माळकऱ्यांचे. आबा, म्हणजे माझे आजोबा, गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवत आणि त्यांच्या मागोमाग वडीलही वाजवू लागले होते. अपघातानंतर वडिलांनी पखवाज आबांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि टाळ घेतला.

एका रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांना आयोमीची गोष्ट सांगितली. आण्णांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्याला कंपनीनं काय दिलं?"

मी म्हणाले, "मुकादम घरी भेटायला आला होता. जँगो राइनहार्ट नावाच्या वादकाची रेकॉर्ड घेऊन. त्या वादकाची दोन बोटं जळून निकामी झाली होती, तरी तो वाजवायचा."

आण्णा हसले. "आमचा मुकादम पण आला होता. सहीला कागद घेऊन."

माझ्या समीक्षेची सुरुवात येथून झाली, असे आज मागे पाहताना वाटते. हे संगीत श्रीमंतांच्या पोरांचे खूळ आहे असे आपल्याकडे म्हणतात. भारतात ते महागड्या गिटारी घेऊ शकणाऱ्या शहरी मुलांनी आणले, हे खरेच. पण त्याचे मूळ प्रेसवर काम करणाऱ्या हातात आहे. तेव्हा रांजणगावच्या कामगाराच्या मुलीने त्यावर बोलणे अगदीच अस्थानी होऊ नये.

आबांचे मोजमाप

आता पारखायचे कशाने? इंग्रजी मासिकांची परिभाषा मला परकी. म्हणून मी आबांनाच कानाला लावून ऐकवले. आबांना ऐकू कमी येते. त्यामुळे आवाज किती मोठा आहे याची त्यांना अडचण नव्हती. त्यांनी डोळे मिटून मांडीवर ठेका धरायचा प्रयत्न केला, दोनदा सुटला, तिसऱ्यांदा सापडला. गाणे संपल्यावर म्हणाले, "वाजीवणारा तयारीचा हाय पोरी. पन दम घेत न्हाई."

पखवाज-तबल्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की तिहाई दोन प्रकारची असते : बेदम आणि दमदार. तिन्ही तुकडे एकाला एक चिकटून आले की बेदम, प्रत्येक तुकड्यानंतर क्षणभर विसावा असला की दमदार. आबांचे म्हणणे असे की बेदम वाजवायला हात लागतो, दमदार वाजवायला काळीज लागते, कारण त्या रिकाम्या जागेत वादक उघडा पडतो. मला वाटते, डूम संगीताचे सारे मर्म या एका शब्दात आले. संथपणा म्हणजे आळस नव्हे, संथपणा म्हणजे दम. माझे पहिले मोजमाप हे.

दुसरे मोजमाप साहित्याच्या वर्गातून घेतले आहे : गोष्ट कोणाची आहे आणि ती कोणाच्या बाजूने सांगितली आहे?

पहिले दोन अल्बम : उसना अंधार

'डीमनस्टीलर' २००० साली, बँड स्थापन झाला त्याच वर्षी निघाला. तेव्हा मखिजा विशीच्या आतबाहेर होता, म्हणजे आपल्याच वयाचा. महाविद्यालयीन मुलाच्या पहिल्या कवितासंग्रहात जे गुणदोष असतात, ते सारे येथे आहेत. सगळे सांगायची घाई, मोठमोठे शब्द, आवडत्या कवींची छाप. नॉर्वे आणि इंग्लंडकडील बँडनी त्या काळी कीबोर्डचा भव्य पडदा आणि काळोखी वातावरण लोकप्रिय केले होते. मुंबईच्या मुलांनी तेच आणले. दमाट उकाड्याच्या शहरात बसून त्यांनी बर्फाळ प्रदेशाचा अंधार रंगवला. यात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही. आपणही शाळेत असताना कधीही न पाहिलेल्या समुद्रावर निबंध लिहिलेलेच आहेत. पण तो अंधार उसना होता.

'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५) येईपर्यंत पाच वर्षे गेली, आणि ती वाया गेलेली नाहीत. 'अपोकॅलिप्टिक डॉन' हे त्यातले गाणे आजही बँडची ओळख मानले जाते. त्यात गुरगुर आणि स्वच्छ आवाज यांची अदलाबदल प्रथमच अर्थपूर्ण वाटते. एक आवाज धमकावतो, दुसरा शोक करतो, जणू एकाच माणसाच्या मनातले दोन जण. मात्र संथ जागा अजून गाण्याचा कणा झालेल्या नाहीत. वेगाने दमलेल्या कानाला सावली मिळावी, एवढेच त्यांचे काम. आबांच्या भाषेत, येथे विसावा आहे, दम नाही.

या काळाची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव होत असे, परंतु स्वतःची गाणी करणाऱ्या मेटल बँडला व्यासपीठ आणि प्रकाशक मिळणे अवघडच होते. मखिजाने स्वतःच ध्वनिमुद्रण शिकून, स्वतःच 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स' काढून आपले आणि इतरांचे अल्बम प्रसिद्ध केले. आपल्याकडे लघुअनियतकालिकांच्या कवींनी १९६०नंतर हेच केले होते : छापणारा मिळेना, तेव्हा स्वतः छापा.

'द रिटर्न टु डार्कनेस' : दम सापडला

२०१० सालचा हा अल्बम माझ्या मते संगीत म्हणून सर्वांत श्रेष्ठ. बाहेरच्या जगानेही याच वेळी बँडची दखल घेतली. कॅन्डललाइट या ब्रिटिश कंपनीने अल्बम परदेशात काढला, त्याच वर्षी नॉर्वेतील ऑस्लो येथील 'इन्फर्नो' महोत्सवात बँड वाजवून आला आणि 'मेटल हॅमर' या इंग्रजी मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कारही मिळाला. ज्या देशाचा अंधार उसना घेतला, त्याच देशात जाऊन वाजवण्याचा हा प्रसंग. उसने फेडल्यासारखाच म्हणायचा.

पण मी याला श्रेष्ठ म्हणते ते पुरस्कारामुळे नव्हे. येथे गाणी लांबली आहेत आणि लांबूनही सैल झालेली नाहीत. कीबोर्ड आता पडदा राहिलेला नाही, तो गिटारशी बोलतो. सर्वांत महत्त्वाचे, संथ भाग आता विसाव्यासाठी येत नाहीत. गाणे ज्या ठिकाणी संथ होते, तेथेच ते सर्वाधिक जड होते. अखेरचे 'ओमेगा, आय' ऐकताना हे स्पष्ट जाणवते. भजनात अभंग विलंबितात सुरू होऊन गजराकडे चढत जातो. येथे चढ-उताराची दिशा पुन्हापुन्हा उलटते, पण प्रत्येक वेळी सम नेमकी हाती येते. न्हावरे ते शिरूर हा प्रवास या अल्बमच्या निम्म्यात संपतो. कित्येकदा उतरावेसे वाटत नाही.

उणीव एकच. अंधार कोणाचा, हे अजून कळत नाही. शब्द कल्पित युद्धांचे आणि कल्पित राज्यांचे आहेत. शब्दकोश घेऊन मी ते वाचले, समजले, पण त्यांत मला ओळखीचे कोणी भेटले नाही. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. गुरगुरत्या आवाजातले शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही कळत नाहीत. वर्गात इंग्रजीचा तास सुरू झाला की मी मागे पडते, पण या गाण्यासमोर आम्ही सगळे एकाच बाकावर असतो. या संगीताने मला दिलेली ही बरोबरी मी विसरणार नाही.

'द डीमन किंग' : राक्षसाची बाजू

२०१४च्या या अल्बमच्या केंद्रस्थानी राक्षसांचा राजा आहे. वादन अधिक घट्ट, अधिक आक्रमक झाले आहे. ढोलांचा मारा ऐकून छाती दडपते. बेदम तिहाईचा हा अल्बम आहे, आणि म्हणूनच माझ्या पहिल्या मोजमापाने तो आधीच्या अल्बमपेक्षा उणा ठरतो. सलग ऐकताना कान थकतो. दोन-तीन गाण्यांनंतर एकाचे दुसऱ्यापासून वेगळेपण निसटू लागते.

दुसऱ्या मोजमापाने मात्र हे मोठे पाऊल आहे. येथे गोष्ट पराभूतांच्या, तुच्छ लेखलेल्यांच्या राजाभोवती फिरते. एका गाण्याचे नावच 'ईव्हन गॉड्स डू फॉल', म्हणजे देवांचेही पतन होते, असे आहे. मेटल संगीताचा हा जुना स्वभाव. जो पडला, ज्याला वाईट ठरवले गेले, त्याच्या बाजूला ते उभे राहते. म्हणूनच बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीत ते जन्मले आणि तेथे रुजले.

'दशावतार' : घरी परतणे, पण कोणत्या दाराने?

यानंतर २०१७ साली 'दशावतार' आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. प्रत्येक नावापुढे इंग्रजीत ओळख जोडलेली : वामनापुढे 'द ड्वार्फ', कृष्णापुढे 'द काउहर्ड', बुद्धापुढे 'द टीचर'. कीबोर्ड मागे सरकला आणि भारतीय वाद्यांना व तालांना जागा मिळाली. गाणी आटोपशीर झाली. 'द डीमन किंग'मधला एकसुरीपणा येथे नाही, कारण प्रत्येक अवताराला वेगळी चाल शोधणे भागच होते. दमाचे म्हणाल तर, तो पुन्हा सापडला आहे. २०१०च्या अल्बमइतका खोल नसला तरी अधिक सहज.

हा अल्बम आबांना ऐकवताना मी प्रत्येक अवताराचे नाव सांगत गेले. नृसिंहाच्या वेळी ते म्हणाले, "हे शोभतंय. त्याला असलाच आवाज पायजे." कीर्तनातून हीच कथा आयुष्यभर ऐकलेल्या माणसाची ही पावती मला कोणत्याही मासिकातील गुणांपेक्षा मोलाची वाटते.

इतके असूनही हा अल्बम ऐकताना मला काहीतरी अपुरे वाटत राहिले. ते काय, हे सांगण्यासाठी थोडे विषयांतर भासले तरी तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

पहिली कोकणातली. सिंधुदुर्गाकडे दशावतारी नाटके रात्रभर चालतात. त्यांच्या आरंभी संकासुर येतो. काळ्या वेशातला हा असुर वेद चोरणारा, पण मालवणीतून असे काही बोलतो की प्रेक्षक हसून लोळतात. लोकांनी त्याला खलनायक ठेवूनही आपला करून घेतला आहे.

दुसरी गोष्ट नवव्या अवताराची. आपल्याकडच्या जुन्या दशावतारांच्या चित्रांत बुद्धाच्या जागी पुष्कळदा विठ्ठल उभा असतो. या नात्याची चर्चा डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात केली आहे. उलट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे स्पष्टपणे नाकारले आहे. म्हणजे महाराष्ट्रात ही नववी जागा केवळ यादीतील एक नाव नाही, तो एक जिवंत प्रश्न आहे. बँडने बुद्धाला 'शिक्षक' म्हटले हे सुज्ञपणाचे. पण यादी त्याने आहे तशीच स्वीकारली.

तिसरी गोष्ट बळीराजाची. ती माझ्या घरची आहे. दिवाळीच्या पाडव्याला आई आम्हा सर्वांना ओवाळते आणि "इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो" असे म्हणते. बळी हा असुरांचा राजा. तीन पावले जमीन मागून वामनाने त्याला पाताळात घातले. आणि तरी शेकडो वर्षे शेतकऱ्यांच्या बायका मागतात ते राज्य त्याचेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम या अवतारांच्या कथा उलट बाजूने वाचल्या. विजेते हे आक्रमक, आणि बळी हा रयतेचा राजा. बँडच्या अल्बममधील पहिली सहा गाणी नेमकी याच क्रमाने आहेत.

माझा मुद्दा आता ध्यानात यावा. ज्या बँडने २०१४ साली राक्षसांच्या राजावर एक संपूर्ण अल्बम रचला, त्याला तीन वर्षांनी याच मातीतला राक्षसांचा राजा गाण्याच्या आत भेटला. पण गाण्याला नाव मिळाले ते वामनाचे. जो अंधाराचा राजा त्याने इतकी वर्षे कल्पनेतून घडवला, तो आमच्या घरी दर पाडव्याला ताटातल्या दिव्यापुढे येऊन जात होता.

यावर कोणी म्हणेल, मुंबईच्या वादकांनी फुले वाचायलाच हवेत का? अल्बमचे नाव दशावतार आहे, मग अवतारांचीच नावे असणार. आक्षेप योग्य आहे. कलावंताने काय करायला हवे होते हे सांगणे समीक्षकाचे काम नव्हे, असे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले आहे. म्हणून मी हा दोष म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की परक्या अंधाराकडून घरच्या कथेकडे येणे ही प्रगती खरी, पण घराला अनेक दारे असतात. 'दशावतार' पुढच्या दाराने आला. मागचे दार, जेथून शेतकरी ये-जा करतो, ते अद्याप उघडायचे आहे. त्यानंतर मखिजाने 'डीमनस्टीलर' या नावाने स्वतंत्रपणे काढलेला 'द प्रोपगंडा मशीन' (२०२३) हा अल्बम आजच्या खोट्या प्रचारावर बोलतो. त्यावरून वाटते, गोष्ट कोणाच्या बाजूने सांगायची हा प्रश्न त्यालाही पडलेला आहे.

समारोप

थोडक्यात, संगीताच्या कसोटीवर 'द रिटर्न टु डार्कनेस' पहिला, 'दशावतार' दुसरा, 'अ डार्कनेस डिसेंड्स' तिसरा, 'द डीमन किंग' चौथा आणि 'डीमनस्टीलर' पाचवा असा माझा क्रम लागतो. आशयाच्या कसोटीवर 'दशावतार' आणि 'द डीमन किंग' वर येतात. दोन्ही कसोट्यांवर पुरा उतरणारा अल्बम अजून व्हायचा आहे. ज्यांना प्रथमच ऐकायचे असेल त्यांनी 'दशावतार'पासून आरंभ करावा. कथा ओळखीची असल्याने कान लवकर सरावतो.

लेख लिहून झाल्यावर आण्णांना वाचून दाखवला. पाच अल्बमचे सारे काही त्यांना कळले असे नाही. पण त्यांनी आयोमीचा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि विचारले, "टोप्या कशाच्या केल्या म्हणालीस?"

मी म्हणाले, "प्लास्टिकची बाटली वितळवून."

आण्णांनी उजवा हात दिव्याखाली धरून बोट निरखले आणि म्हणाले, "प्लास्टिक पखवाजावर वाजेल. पण शाईवर ओरखडा पडेल. कातडं लावायला पाहिजे."

आत आबांच्या खोलीत पखवाज आहे. या लेखाने एवढे जरी झाले तरी वर्गातला हशा मला महाग पडला नाही, असे मी समजेन.